जीटीएक्स ८६०एमचा व्हीबायोस बदलून ९६०एम करावा का?

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरमधल्याच एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याकडे मोठ्या भावाने दिलेला २०१४चा लॅपटॉप आहे. त्यात एनव्हिडियाचं ४ जीबीचं जीटीएक्स ८६०एम ग्राफिक्स कार्ड आहे. त्याला जो खेळ खेळायचाय त्याच्या किमान गरजांच्या यादीत ९६०एम लिहिलंय. दोन्ही कार्डांची चिप एकच आहे असं त्याने वाचलं, दुसऱ्या कुठल्यातरी लॅपटॉपमधली ९६०एमची व्हीबायोस फाइलही (व्हीबायोस म्हणजे ग्राफिक्स कार्डाने कसं चालायचं हे ठरवणारा, मशीनमध्येच साठवलेला छोटा प्रोग्राम) त्याला मिळाली. आता ती आपल्या कार्डावर चढवली तर कार्ड ९६०एम होईल का, खेळ चालेल का, ड्रायव्हर जास्त वर्षं मिळेल का, असं त्याने विचारलंय.

मी इंदुरात लॅपटॉप बोर्डाची चिप लेव्हल दुरुस्ती करतो, आणि असे फ्लॅश केलेले, म्हणजे व्हीबायोसवर दुसरी फाइल लिहिलेले, लॅपटॉप माझ्या टेबलावर येत असतात. म्हणून आधी सरळ उत्तर देतो: ती फाइल चढवू नका. तुम्ही वाचलंत ते खोटं आहे म्हणून नव्हे. ते बरंचसं खरं आहे, आणि खरं आहे म्हणूनच या उपद्व्यापात मिळण्यासारखं फार थोडं आहे. जे थोडं मिळतं ते फाइलला हात न लावता मिळतं, ते कसं तेही पुढे सांगतो.

पहिल्यांदा एक गोष्ट तपासा, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. ८६०एम या एकाच नावाखाली एनव्हिडियाने दोन वेगळ्या चिपा विकल्या. एक मॅक्सवेल पिढीची जीएम१०७, ६४० कोरची (कोर म्हणजे चिपमधले गणितं करणारे बारीक भाग). दुसरी जुन्या केपलर पिढीची जीके१०४, ११५२ कोरची पण कमी क्लॉकवर, म्हणजे कमी वेगावर, चालणारी. बाहेरून स्टिकर एकच. जीपीयू-झेड हा छोटा प्रोग्राम उघडला की पहिल्याच पानावर चिपचं नाव दिसतं. तो नको असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन हार्डवेअर आयडी बघा. १०डीई म्हणजे एनव्हिडिया. त्यापुढे डिव्हाइस आयडी १३९२ असेल तर मॅक्सवेल, ११९ए असेल तर केपलर. केपलर निघाली तर ९६०एमचा विषय तिथेच संपला, कारण ती चिपच वेगळी आहे आणि ९६०एमची फाइल तिच्यावर कुठल्याही अर्थाने चालणार नाही.

समजा तुमची चिप मॅक्सवेल आहे. मग तुलना अशी. ८६०एममध्ये जीएम१०७, ६४० कोर, १२८ बिटची मेमरी बस, जीडीडीआर५ मेमरी, बेस क्लॉक १०२९ मेगाहर्ट्‌झ. ९६०एममध्ये जीएम१०७, ६४० कोर, तीच १२८ बिटची बस, तीच मेमरी, बेस क्लॉक १०९६ मेगाहर्ट्‌झ. पहिलं कार्ड २०१४च्या मार्चमध्ये आलं, दुसरं २०१५च्या मार्चमध्ये. मधल्या वर्षात बदललं ते नाव आणि ६७ मेगाहर्ट्‌झ. हा फरक साडेसहा टक्क्यांचा. सगळी वाढ सरळ चित्रात उतरली असं धरलं, तरी जिथे सेकंदाला ३० फ्रेम मिळत होत्या तिथे ३२ मिळतील.

इथे बरेच जण विचारतात, की चिपमध्ये काही कोर बंद करून ठेवलेले असतील आणि नवी फाइल ते उघडेल, असं तर नाही ना? या चिपच्या बाबतीत नाही. जीएम१०७मध्ये मुळातच ५ गट असतात, प्रत्येकात १२८ कोर. एकूण ६४०. तुमच्याकडे पूर्ण चिप आधीच चालू आहे. उघडायला आत काही शिल्लक नाही.

मग ही समजूत आली कुठून? ती निराधार नाही. डेस्कटॉपच्या जगात असं खरोखर घडलंय. २०१०च्या डिसेंबरात एएमडीचं रेडिऑन एचडी ६९५० आलं, तेव्हा त्यातले बंद ठेवलेले शेडर (एएमडीच्या चिपमधले कोर) बायोस बदलून उघडता येत होते, १४०८चे १५३६ व्हायचे आणि कार्ड जवळपास ६९७० बनायचं. त्या कार्डावर दोन बायोस आणि मध्ये एक बारीक स्विच होता. एक बिघडला तर स्विच सरकवून दुसऱ्यावर यायचं. पुढे एएमडीच्याच आरएक्स ४८०वर ५८०चा बायोस चढवणारे पुष्कळ निघाले. तिथे तर दोन्ही कार्डांचा डिव्हाइस आयडीही एकच, ६७डीएफ, त्यामुळे ड्रायव्हरची काही तक्रारच नसायची. हे सगळं वाचून लॅपटॉपवाल्याला वाटतं की आपणही करून बघावं. पण ती कार्डं स्लॉटमध्ये बसणारी होती, त्यांच्यावर स्वतःची बायोस चिप होती, आणि कार्ड मेलं तरी कॉम्प्युटर जिवंत राहायचा. लॅपटॉपमध्ये यातलं काहीच गृहीत धरता येत नाही.

आता नावाचा मुद्दा जरा खोलात जाऊन सांगतो, कारण सगळा गोंधळ इथेच होतो. कार्डाचं ‘मॉडेल’ एका जागी लिहिलेलं नसतं. ते तीन जागी असतं, आणि तिन्ही जागा एकमेकींपासून वेगळ्या आहेत.

पहिली जागा चिपच्या आत. डिव्हाइस आयडी कारखान्यातच चिपमधल्या फ्यूजमध्ये पक्का केलेला असतो. फर्मी आणि केपलर या आधीच्या पिढ्यांच्या काळात त्यातले शेवटचे काही बिट बोर्डावरच्या बारीक रेझिस्टरवरून ठरायचे. म्हणूनच २०१३ साली काही हौशी लोकांनी जीटीएक्स ६९०वरचे रेझिस्टर बदलून ते कार्ड क्वाड्रो के५००० (एनव्हिडियाचंच व्यावसायिक कामाचं कार्ड) म्हणून ओळखायला लावलं होतं. लक्षात घ्या, ते सोल्डरिंग आयर्न घेऊन केलेलं काम होतं, फाइल बदलून केलेलं नव्हे.

दुसरी जागा व्हीबायोस. त्या फाइलमध्येही व्हेंडर आयडी आणि डिव्हाइस आयडी लिहिलेले असतात, शिवाय नावाची एक ओळ असते. हे बदलता येतात. पण विंडोज कार्डाला ‘तू कोण’ असं विचारतं तेव्हा उत्तर चिप देते, फाइल देत नाही. तुम्ही ९६०एमची फाइल चढवली तर फाइल म्हणणार १३९बी आणि चिप म्हणणार १३९२. फ्लॅश करणारा एनव्हीफ्लॅश प्रोग्राम हा विसंवाद पाहूनच अडतो. त्याला जबरदस्तीने पुढे ढकलता येतं, पण त्याने विसंवाद मिटत नाही, फक्त बोर्डावर जाऊन बसतो.

तिसरी जागा ड्रायव्हर. ड्रायव्हरसोबत आयएनएफ नावाची साधी मजकुराची फाइल येते. तिच्यात कोणता आयडी दिसला तर कोणतं नाव दाखवायचं याची यादी असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तुम्हाला जे ‘जीटीएक्स ८६०एम’ दिसतं ते इथून आलेलं असतं. म्हणजे नुसतं नावच बदलायचं असेल तर व्हीबायोसपर्यंत जायचीही गरज नाही, नोटपॅडमध्ये ही यादी बदलली तरी ९६०एम दिसेल. मात्र यादी बदलली की ड्रायव्हरची डिजिटल सही मोडते. मग विंडोजची सहीची तपासणी बंद करावी लागते, त्यासाठी बरेच जण विंडोज टेस्ट मोडमध्ये (सही नसलेले ड्रायव्हर चालू देणारा प्रकार) चालवतात, आणि टेस्ट मोडमध्ये अँटीचीट (फसवेगिरी पकडणारा प्रोग्राम) असलेले कित्येक ऑनलाइन खेळ सुरूच होत नाहीत. खेळासाठी केलेला खटाटोप खेळालाच नडतो.

एक वेळ नावाचं सोडून देऊ. व्हीबायोसमध्ये नावापेक्षा फार महत्त्वाच्या गोष्टी असतात आणि त्या चिपच्या नसतात, बोर्डाच्या असतात. मेमरी चिपा कोणत्या कंपनीच्या आणि त्यांचे टायमिंग काय. व्होल्टेज देणारा भाग कोणत्या पिनवरून सांभाळायचा. किती वॅटपर्यंत जायचं. एचडीएमआय कुठल्या लाइनवर जोडलंय, की सगळं चित्र प्रोसेसरमधल्या इंटेलच्या ग्राफिक्समार्गेच बाहेर पडतं. हे दर लॅपटॉपला वेगळं असतं, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही. म्हणून हार्डवेअर आयडीत पुढे सबसिस्टिम आयडी असतो, आणि त्याचे शेवटचे चार अंक बोर्ड कोणाचा ते सांगतात: १०४३ म्हणजे असुस, १४६२ म्हणजे एमएसआय, १७एए म्हणजे लेनोव्हो, १०२८ म्हणजे डेल. तुम्ही मिळवलेली फाइल दुसऱ्या लॅपटॉपची आहे असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून रस्ता ओलांडण्यासारखं आहे हे. चिप तीच असली तरी तिच्याभोवतीचा बोर्ड तो नाही.

माझ्याकडे आलेला एक लॅपटॉप सांगतो. लोकमान्यनगरचा मुलगा, कार्ड ८५०एम. हे कार्ड डीडीआर३ आणि जीडीडीआर५ अशा दोन्ही मेमरींसह विकलं गेलंय, आणि याचा बोर्ड डीडीआर३चा. त्याने ९५०एमची फाइल शोधली, तीही जीएम१०७ आणि ६४० कोरचीच, त्यामुळे त्याला निर्धास्त वाटलं. पण फाइल जीडीडीआर५च्या बोर्डाची निघाली. फ्लॅश झाल्याचा संदेश आला, रीस्टार्ट झाला, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर पिवळा त्रिकोण, कोड ४३, म्हणजे बिघाड दिसल्याने विंडोजने कार्ड थांबवलेलं. कार्ड जागं होत होतं पण आपली मेमरीच त्याला सापडत नव्हती, कारण फाइल सांगत होती ती मेमरी तिथे नव्हतीच. त्याच्या बाबतीत एक बरं होतं की व्हीबायोस वेगळ्या छोट्या चिपमध्ये होता आणि स्क्रीन इंटेलच्या ग्राफिक्सवर चालत होती, त्यामुळे लॅपटॉप सुरू तरी होत होता. मूळ फाइल त्याने काढून ठेवली नव्हती. आम्ही कंपनीच्या अधिकृत बायोस अपडेटमधून मूळ व्हीबायोस वेगळा काढला, सबसिस्टिम आयडी जुळवून पाहिला आणि परत लिहिला. कार्ड उठलं. मेमरीचा प्रकार चुकला की सगळं चुकलं, हे त्याच्या लक्षात आलं होतंच, मला वेगळं सांगावं लागलं नाही.

आणि हा सोपा प्रकार होता. पुष्कळ लॅपटॉपमध्ये व्हीबायोसची वेगळी चिप नसतेच. तो मदरबोर्डच्या मुख्य बायोसच्या पोटात असतो आणि विंडोज सुरू झाल्यावर ड्रायव्हर तो तिथून एसीपीआयमार्फत (बायोस आणि विंडोज यांची एकमेकांशी बोलायची पद्धत) मागून घेतो. अशा मशीनवर एनव्हीफ्लॅश चालवला तर चिपच सापडत नाही म्हणून सांगतो. मग लोक मुख्य बायोस उघडून त्यातला तुकडा बदलायला जातात. इथे चूक झाली तर ग्राफिक्स कार्ड नव्हे, अख्खा लॅपटॉप जातो. पॉवरचा दिवा लागतो, पंखा फिरतो, स्क्रीन काळी. शिवाय इंटेलच्या चौथ्या पिढीपासून, म्हणजे २०१३पासून, बूट गार्ड नावाची सोय आहे. ती ज्या लॅपटॉपमध्ये चालू ठेवलेली आहे तिथे बायोसच्या सुरुवातीच्या भागावर कंपनीची सही तपासली जाते आणि ती जुळली नाही तर मशीन पुढे जात नाही. तुमच्या मॉडेलमध्ये ती चालू आहे की नाही हे तुमचा बोर्ड पाहिल्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही.

तुमच्यापेक्षा नवं कार्ड असलेलं कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी: जीटीएक्स १०५०, १०६० वगैरे पास्कल पिढीपासून बदललेला व्हीबायोस चिप बहुधा स्वतःच नाकारते, कारण त्यावर एनव्हिडियाची सही लागते. २०२३मध्ये जी साधनं निघाली त्यांच्या मदतीने एका बोर्डाची सही असलेली फाइल दुसऱ्या बोर्डावर चढवता येते. जीएम१०७वर ही अडवणूक नाही. म्हणूनच तुमच्या कार्डावर हा प्रयोग ‘होतो’ असं दिसतं, आणि म्हणूनच तिथे जास्त सांभाळायला हवं, कारण थांबवणारं कोणी नाही.

आता तुमच्या खऱ्या गरजेकडे येऊ. तुम्हाला ९६०एम नको आहे, तुम्हाला तो खेळ चालायला हवाय. किमान गरजांची यादी खेळाच्या कंपनीने ज्या मशीनवर चालवून पाहिलं त्याची असते. बहुतेक खेळ सुरू होताना कार्डाचं नाव विचारत नाहीत. ते विचारतात डायरेक्टएक्सची (खेळ आणि कार्ड यांच्यामधली विंडोजची सोय) कोणती पातळी येते आणि ग्राफिक्स मेमरी किती आहे. जीएम१०७ची पातळी ११_० आहे. यादीत ९६०एम स्पष्ट लिहिलेलं असेल तर तो खेळ ११_०वर चालतो हे उघड आहे, मग ८६०एमवरही चालेल. उलट ज्या खेळाला १२_० लागतं तो दोन्हीवर उघडणार नाही, आणि नाव बदलून ही पातळी वाढत नाही. मेमरीचंही तसंच. तुमच्याकडे ४ जीबी आहे, जी त्या काळातल्या २ जीबीच्या ९६०एमपेक्षा जास्तच आहे. तेव्हा फ्लॅशचा विचार बाजूला ठेवून खेळ आहे तसा टाकून बघा. हे तुम्ही अजून केलेलं नाही असं तुमच्या प्रश्नावरून वाटतं.

ड्रायव्हरचा प्रश्न तर अगदीच छोटा आहे. एनव्हिडियाने मॅक्सवेल आणि पास्कल कार्डांसाठी खेळांचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५नंतर बंद केले. सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८पर्यंत तिमाहीला येत राहतील. हा निर्णय पिढीवर आहे, नावावर नाही. ८६०एम आणि ९६०एम एकाच पिढीत, एकाच ड्रायव्हरवर आहेत. तेव्हा नाव बदलून एक दिवसही वाढत नाही.

इंजिनिअरिंगला आहात म्हणून हेही सांगून ठेवतो: या चिपवर मशीन लर्निंग शिकायचा बेत असेल तर कुडा (एनव्हिडियाच्या कार्डावर गणितं चालवायची सोय) १३पासून तिचा आधार काढून टाकलाय. कुडा १२वर ती अजून चालते. तिथेही ९६०एम तुमच्याच रांगेत उभा आहे.

राहिला वेग. ते ६७ मेगाहर्ट्‌झ हवेत ना? ते एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या प्रोग्रामच्या स्लायडरवर मिळतात. या पिढीच्या बहुतेक लॅपटॉप कार्डांना कोअर क्लॉकला अधिक १३५ मेगाहर्ट्‌झपर्यंत वाढवायची मुभा कारखान्यातूनच असते. म्हणजे ९६०एमपर्यंतचं सगळं अंतर त्या मुभेच्या अर्ध्यात बसतं. विंडोजमध्ये केलेली ही वाढ कुठे लिहिली जात नाही. लॅपटॉप अडकला तर रीस्टार्ट करा, सगळं पहिल्यासारखं. फक्त प्रोग्राममधली ‘सुरू होतानाच लागू करा’ ही खूण पहिले काही दिवस लावू नका. आधी २५ वाढवा, तासभर खेळा, मग ५०, मग ६७. चित्रात रंगीत ठिपके उडायला लागले किंवा ड्रायव्हर बंद होऊन परत सुरू झाल्याचा संदेश आला तर एक पायरी खाली या. काही चिपा ६७ सहज घेतात, काही १३५ही घेतात, एखादी ४०लाच कुरकुरते. हे चिपागणिक वेगळं असतं. मेमरीच्या क्लॉकला हात लावू नका, तिथे दोन्ही कार्डं सारखीच आहेत.

पण स्लायडरला हात लावण्याआधी तापमान बघा, आणि हे मी सगळ्यात ठासून सांगतो. इतक्या जुन्या लॅपटॉपमध्ये कार्ड आपल्या मूळच्या १०२९वर तरी टिकतंय का? जीपीयू-झेडच्या सेन्सर पानावर नोंद सुरू करा, वीस मिनिटं खेळा आणि मग क्लॉकची रांग बघा. माझ्याकडे ‘भैया, इसमें नाइन सिक्स्टी डाल दो’ म्हणत येणाऱ्यांच्या लॅपटॉपमध्ये बहुधा हेच निघतं, की कार्ड तापून सात-आठशेवर उतरलेलं असतं. ते परत हजारावर आणलं तर मिळणारी वाढ ९६०एमच्या साडेसहा टक्क्यांच्या कितीतरी पट असते. हीटसिंकच्या जाळीत धुळीची नमद्यासारखी घडी बसलेली असते, ती पंखा काढल्याशिवाय दिसत नाही. बाहेरून ब्लोअर मारून ती हलत नाही. चिप आणि हीटसिंक यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. पंखा सोडवून साफ करा, कोअरवर चांगली पेस्ट लावा. मेमरी चिपांवरचे आणि व्होल्टेजच्या भागावरचे मऊ पॅड फाटले असतील तर त्याच जाडीचे नवे लावा. पॅडच्या जागी पेस्ट भरू नका. मधली फट भरत नाही आणि मेमरी भाजते. आणि हे सगळं एप्रिलच्या आत करा. इंदूरच्या मे महिन्यात खोलीतच चाळीसच्या आसपास असतं, तेव्हा गादीवर ठेवून खेळलेल्या लॅपटॉपकडून कुठलाच क्लॉक टिकण्याची अपेक्षा करू नका.

अॅडॅप्टरही तपासा. मूळ अॅडॅप्टर हरवला की लोक स्वस्तातला, कमी वॅटचा घेतात. पिन बसते, चार्जिंग होतं, पण खेळ सुरू झाला की लॅपटॉप कार्डाची वीज कापतो. लॅपटॉपच्या खालच्या पट्टीवर किती व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेत आणि अॅडॅप्टरवर किती आहेत, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. कमी असेल तर आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये जाऊन पूर्ण वॅटचा घ्या. लॅपटॉप सोबत न्या आणि तिथेच लोड देऊन पाहा. बॅटरी फुगली असेल तर आधी ती काढा, बाकीचं नंतर.

एवढं करूनही कोणाला व्हीबायोसच बदलायचा असेल, उदाहरणार्थ एमएक्सएम स्लॉटचं सुटं कार्ड आहे, थंड राहतं आणि वॅटची मर्यादा थोडी वाढवायची आहे, तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. अशी कामं मी करतो. पण मग दुसऱ्याची फाइल नको, आपलीच फाइल काढून तिच्यात मोजका बदल करायचा. क्रम असा. प्रोग्रामर, म्हणजे बायोसची चिप थेट वाचणारं-लिहिणारं उपकरण, हाताशी असल्याशिवाय सुरुवात नाही, कारण सॉफ्टवेअरने बिघडवलेलं दरवेळी सॉफ्टवेअरने सुधरत नाही. सीएच३४१ए हा स्वस्त प्रोग्रामर बहुतेकांकडे असतो, पण त्याच्या काळ्या रंगाच्या जुन्या बोर्डात डेटाच्या पिनवर ५ व्होल्ट येतात आणि बायोसच्या बहुतेक चिपा ३.३ व्होल्टच्या असतात, काही तर १.८च्या. चिपवरचा नंबर वाचून तिचा डेटाशीट बघा, १.८ची असेल तर मधला अॅडॅप्टर लावा. मुख्य बॅटरी आणि सीमॉसचा सेल (मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल) दोन्ही काढा. चिप दोनदा वाचा, दोन्ही फाइली अक्षर न् अक्षर जुळल्या पाहिजेत. जुळल्या नाहीत तर प्रोग्रामरची चिपवर लावलेली क्लिप नीट बसलेली नाही, पुढे जाऊ नका. ती मूळ फाइल लॅपटॉपबाहेर दोन ठिकाणी ठेवा. मुख्य बायोस असेल तर तिच्यात तुमच्या मशीनचा सीरियल नंबर, विंडोजची की आणि इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचा भाग असतो. दुसऱ्या मशीनच्या चिपमधून काढलेली पूर्ण फाइल टाकून ‘दुरुस्त’ केलेल्या लॅपटॉपमध्ये हे सगळं परकं होतं आणि मग बरोबर अर्ध्या तासाने आपोआप बंद पडणारी मशीनं बघायला मिळतात. बदल क्लॉक आणि वॅटपुरताच. मेमरीचे टायमिंग, व्होल्टेजच्या पिना, आयडी यांना हात नको. फाइलच्या शेवटी चेकसम (फाइल बरोबर आहे का ते तपासायचा आकडा) जुळला पाहिजे, बदल करणारा प्रोग्राम तो बहुधा जुळवतो, तरी स्वतः पाहा.

तुमच्या ८६०एमवर यातलं काहीच करायचं कारण मला दिसत नाही.

अजून एक गोष्ट, तुम्ही विचारली नाही तरी लिहितो. हा लॅपटॉप तुम्ही कधीतरी विकाल. त्या वेळी त्यात ९६०एम दिसत असेल आणि घेणाऱ्याला तुम्ही काही बोलला नाहीत, तर ती फसवणूक आहे, मूळ हेतू काहीही असो. जुन्या बाजारात हा धंदाच चालतो. जुनी फर्मी कार्डं व्हीबायोस बदलून जीटीएक्स १०५० टीआय म्हणून खपवली गेली, इतकी की २०१८मध्ये जीपीयू-झेडला खोटं कार्ड ओळखून नावापुढे तशी खूण दाखवायची सोय करावी लागली. सेकंडहँड लॅपटॉप घेताना तुम्हीही स्टिकर किंवा डिव्हाइस मॅनेजरवर विसंबू नका. जीपीयू-झेडमध्ये चिपचं नाव, कोरांची संख्या आणि आयडी तिन्ही बघा.

पुढे विचारायचं असेल तर या गोष्टी सोबत लिहा: जीपीयू-झेडमधलं चिपचं नाव आणि सबसिस्टिम आयडी, वीस मिनिटं खेळल्यानंतरचं तापमान आणि त्या वेळचा क्लॉक, आणि अॅडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर. खेळाचं नावही लिहा. क्लॉक खाली पडत असेल तर त्याच सेन्सर पानावर ‘परफकॅप रीझन’ (वेग कशामुळे अडला) अशी एक रांग असते, तिथे थर्मल दिसतंय की पॉवर तेही बघून लिहा. थर्मल असेल तर पंखा आणि पेस्ट, पॉवर असेल तर अॅडॅप्टर किंवा बॅटरी.